समुद्रातला भुसा, वाळवंटातली धूळ

हजला जहाजाने जाण्याची सोय १९९५ साली बंद झाली. त्याआधीच्या पिढीने मात्र समुद्र अंगावर घेऊनच हज केला. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड इथल्या कित्येक घरांत अजून ती आठवण सांगितली जाते. रेल्वेने मुंबई गाठायची, मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, मग आठ-दहा दिवस पाण्यावर काढून जिद्दा. या सफरीच्या गोष्टींत उलट्यांची तक्रार असते, सोबत बांधून नेलेल्या लोणच्याची चव असते, डेकवरच्या जमातीचे वर्णन असते. पाण्याविषयी फार कोणी बोलत नाही. चारी बाजूंना निळे पाणी, त्यात सांगण्यासारखे काय असणार?

पण वारा पडलेला असेल आणि समुद्र आरशासारखा शांत असेल, तर अरबी समुद्रात आणि पुढे लाल समुद्रात पाण्यावर तपकिरी, पिवळसर पट्टे दिसतात. सुताराच्या दुकानातला भुसा कोणीतरी ओतून दिल्यासारखे. हे पट्टे कधी कधी मैलोन्‌मैल लांब असतात. जुन्या इंग्रज खलाशांनी त्याला 'समुद्रातला भुसा' असेच नाव ठेवले होते. कॅप्टन कुक १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जात असताना त्याच्या माणसांनीही तो पाहिला होता. हाजींच्या जहाजांवरूनही कोणी ना कोणी तो नक्की पाहिला असेल आणि घाण समजून नजर फिरवली असेल.

हा भुसा जिवंत असतो. एरेनबर्ग नावाच्या जर्मन अभ्यासकाने डिसेंबर १८२३ मध्ये सिनाई किनाऱ्यावरच्या 'तूर' या बंदरात पाणी रक्तासारखे लाल झालेले पाहिले. ते पाणी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यात बारीक धाग्यांच्या जुड्या दिसल्या. १८३० मध्ये त्याने त्याला नाव दिले 'ट्रायकोडेस्मियम', म्हणजे ग्रीक भाषेत केसांची जुडी. लाल समुद्राला, आपल्या बोलीतल्या बहीरा-ए-अहमरला, त्याचे नावच यांच्यामुळे मिळाले असे काही जण मानतात, पण त्यावर एकमत नाही. (तूर हे गाव आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळ्याच कारणाने ठाऊक होते. हजहून परतणाऱ्यांना तिथे साथीच्या भीतीने विलगीकरणात ठेवत. १९०५ मध्ये तिथेच मृत हाजींच्या शरीरात पटकीचा जो जंतू सापडला, त्याला आजही 'एल तूर' म्हणतात.)

ट्रायकोडेस्मियम हा सायनोबॅक्टेरियाचा एक प्रकार. आपण ज्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतो तीच बिरादरी. विहिरीच्या पायऱ्यांवर, पावसाळ्यात ओल्या भिंतींवर, पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधीत हे लोक राहतात. शेवाळ म्हटले तरी खरे म्हणजे ते जिवाणू आहेत, फक्त झाडासारखे उन्हावर अन्न तयार करणारे. समुद्रातल्या त्यांच्या या भावंडाच्या एका धाग्यात सुमारे शंभर पेशी एकापुढे एक ओवलेल्या असतात. असे दहा-वीसपासून शेकडो धागे एकत्र येऊन एक पुंजका होतो, एक-दोन मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. काही पुंजके काड्यांच्या पेंडीसारखे, काही कापसाच्या गोळ्यासारखे. अंगात वायूच्या बारीक पिशव्या असल्यामुळे ते तरंगतात.

त्यांचे महत्त्व मात्र आकारावर नाही. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. तो 'बांधून' द्यावा लागतो. शेतात हे काम सोयाबीन-तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू करतात, कारखान्यात युरियावाले करतात, आणि खुल्या समुद्रात त्यातला मोठा वाटा ट्रायकोडेस्मियमचा असतो. जिथे किनाऱ्याचे खत पोचत नाही, खालचे पाणी वर येत नाही, तिथल्या उपाशी पाण्यात हा धागा हवेतला नत्र पकडतो आणि त्यातला काही भाग भोवतीच्या पाण्यात झिरपू देतो. त्यावर दुसरी सूक्ष्म वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक कोळंबीसारखे जीव, त्यांच्यावर मासे.

आपल्या देशात या गोष्टीचा नीट अभ्यास ज्यांनी सुरू केला, त्यात एक नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे होते आणि बहुतेकांना नसते: डॉ. सय्यद जहूर कासिम. १९२६ सालचा जन्म, गाव अलाहाबाद, शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आणि पुढे वेल्समध्ये. १९७० मध्ये त्यांनी लक्षद्वीपच्या समुद्रातल्या ट्रायकोडेस्मियमच्या बहरावर निबंध लिहिला. १९७४ मध्ये ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, पणजीजवळ दोनापावला इथे ती आहे. तिथल्या देवासी आणि भट्टतिरी या सहकाऱ्यांबरोबर कासिम यांनी १९७८ आणि १९७९ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरच्या या बहराचा सविस्तर हिशोब मांडला. साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत, पाणी तापलेले आणि वारा मंद असताना, भुसा वर येतो. मग तो मरतो, कुजतो, पाण्याला वास मारतो. आणि नंतर? कुजलेल्या धाग्यांतून सुटलेल्या खतावर एकापाठोपाठ एक दुसऱ्या जातींचे पीक येते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. हिरवळीचे खत गाडले की पुढच्या पिकाला लाभते, तोच प्रकार.

कासिम यांची ख्याती मात्र दुसऱ्या कामाने झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे ते प्रमुख होते. २१ जणांची ती तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. मोहीम निघेपर्यंत गुप्त ठेवली होती. पुढे १९८९ ते १९९१ ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच संस्थेत समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत या आपल्या विदर्भातल्या, नागपुरात जन्मलेल्या. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. 'समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पुढे, आमच्या मुलीला त्याचे काय' असे वाशिममध्ये कोणी म्हणाले, तर नागपूर त्याहून किती दूर आहे तेवढे सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नत्र पकडण्यासाठी पेशीला एक यंत्र लागते, नायट्रोजिनेज नावाचे. ते यंत्र बनते लोहापासून. एक-दोन अणू नव्हेत, चांगले ढीगभर लागतात. सोयाबीनच्या गाठीतल्या जिवाणूकडेही हेच यंत्र असते. म्हणजे नत्र फुकटचा असला, तरी तो पकडण्याची मजुरी लोहात द्यावी लागते. आणि खुल्या समुद्रात नेमके लोहच नाही.

किती नाही, याचा अंदाज आपल्याला टँकरने घेता येईल. वाशिमकरांना टँकर काही नवा नाही. दहा हजार लिटरचा एक टँकर खुल्या समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्याने भरला, तर त्यात विरघळलेले लोह साधारण अर्धा मिलिग्रॅम निघेल, अनेक ठिकाणी त्याहूनही कमी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह असावे. तेवढ्यासाठी या पाण्याचे पन्नासहून अधिक टँकर लागतील, तेही एका बाईच्या एका दिवसासाठी.

पृथ्वीवर लोहाची ददात मुळीच नाही. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट घ्या, त्यात वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक लोहाची ऑक्साइडे असतात. त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. ती मातीही वाहून समुद्रालाच जाते. वाशिम जिल्हा तर पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेतून, तापीतून अरबी समुद्राला जाते, आणि पैनगंगेचे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला. दोन्हींतून लोह जाते. पण नदीचे गोडे पाणी खाऱ्याला भेटते, तिथेच बहुतेक लोह गुठळ्या होऊन तळाशी बसते. जे थोडे पुढे जाते त्याचा समुद्रात गंज होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो आणि त्यात प्राणवायू भरपूर मुरलेला असतो. अशा पाण्यात लोह विरघळून राहूच शकत नाही.

म्हणून किनाऱ्यापासून दूरच्या समुद्राला लोह बरेचसे आकाशातून मिळते, धुळीतून. जगभरातल्या वाळवंटांतून उडून समुद्रांवर पडणाऱ्या धुळीचा अंदाज वर्षाला सुमारे ४५ कोटी टनांचा आहे. अरबी समुद्र या बाबतीत श्रीमंत. अरबस्तान, इराण-बलुचिस्तानचा किनारा, थर, सोमालिया अशी चहूबाजूंनी वाळवंटे त्याला घेरून आहेत. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने आलेली धूळ समुद्र ओलांडून गुजरात आणि मुंबईपर्यंत पोचली होती आणि गाड्यांवर पांढरट पावडर बसल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले होते. लोकांनी खोकत ती पुसून काढली. समुद्रावर जी पडली असेल, तिची तिथे वाट पाहणारे होते.

पण धूळ म्हणजे दगडाचा चुरा. त्यातले लोह घट्ट बांधलेले, गंजाच्या आणि चिकणमातीच्या रूपात. ते काही दिवसांत खाली बुडून जाणार. एकट्या पेशीला तो कण धरता येत नाही, धरला तरी फोडता येत नाही. मग ट्रायकोडेस्मियम काय करते?

अकाबाच्या आखातात, म्हणजे लाल समुद्राच्या उत्तरेकडच्या टोकाशी, यावर गेली पंधरा-वीस वर्षे बारकाईने काम झाले आहे. येला शाकेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रातून ताजे पुंजके एक-एक करून वेचले, त्यांना धूळ दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातले वर्णन असे आहे, की धुळीचा कण पुंजक्याच्या बाहेरच्या धाग्यांना चिकटतो, मग धागे हलतात, सरकतात आणि तो कण हळूहळू आत ढकलत गाभ्यात नेऊन ठेवतात. हात नाहीत, तोंड नाही, मेंदू तर नाहीच. तरीही शेवयांचे ताट हलवताना काजू मध्यभागी गोळा व्हावेत, तसे कण मध्ये जमा होतात. त्याच पाण्यात सुटे धागे ठेवले तर त्यांना हे जमत नाही. धुळीचा लाभ पुंजक्यालाच चांगला होतो.

यापुढची पायरी मला सर्वांत नवलाची वाटते. २०२० मध्ये त्याच गटाने दाखवले की पुंजके निवड करतात. लोह असलेले कण धरून ठेवतात, लोह नसलेले सोडून देतात. पुढच्या कामात स्फुरदाच्या बाबतीतही अशीच निवड दिसली. आपल्याकडे बायका सुपात डाळ घेऊन खडे निवडतात. इथे खडे हवे आहेत, पण तेही निवडूनच.

कण गाभ्यात नेऊन ठेवला, आता त्यातून लोह सोडवायचे कसे? इथे गोव्याचा धागा पुन्हा जोडला जातो. गोव्याच्या प्रभू माटोंडकर आणि सुभजित बसू यांनी आयरीन फुर्ताडो यांच्यासोबत अरबी समुद्रातल्या बहरांत ट्रायकोडेस्मियमच्या सोबतीला राहणारे दुसरे जिवाणू मोजले होते. तो निबंध २०११ चा. बसू नंतर अकाबाच्या आखातात कामाला गेले, आणि २०१९ मध्ये शाकेद, माटोंडकर व इतरांसह त्यांनी दाखवून दिले की हे सोबती पाहुणे नाहीत, कारागीर आहेत. ते 'सायडेरोफोर' नावाची द्रव्ये सोडतात. सायडेरोफोर म्हणजे लोह वाहून नेणारा. हा रेणू खेकड्याच्या नांगीसारखा लोहाच्या अणूला पकडतो, दगडापासून सुटा करतो आणि पाण्यात विरघळलेला ठेवतो. ते लोह मग जिवाणूही घेतात आणि ट्रायकोडेस्मियमही घेते.

खुल्या पाण्यात कोणी असे द्रव्य सोडले, तर ते वाहून जाईल, कष्ट एकाचे आणि नफा भलत्याचा. पुंजक्याच्या गाभ्यात मात्र ते चार भिंतींच्या आत राहते. कणही आत, कारागीरही आत, मालही आत. यजमान धागा राहायला जागा आणि उन्हावर तयार केलेले अन्न देतो, भाडेकरू लोह सोडवून देतात. दोघांपैकी कोण कोणावर उपकार करतो हे ठरवणे अवघड आहे आणि बहुधा गरजेचेही नाही. एक तोटा मात्र आहे: धूळ जास्त झाली की पुंजका जड होतो आणि बुडण्याचा धोका वाढतो.

इतके वाचल्यावर कोणालाही सुचेल, की लोहाचीच उणीव असेल तर आपणच का टाकू नये? हे शास्त्रज्ञांनाही सुचले. जॉन मार्टिन या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस म्हटले होते, की दक्षिणेकडच्या थंड समुद्रात लोह टाकले तर सूक्ष्म वनस्पती इतकी वाढेल, की हवेतला कार्बन शोषून पृथ्वी थंड करील. त्याची एक मोठी परीक्षा भारत आणि जर्मनीने मिळून घेतली. ती २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झाली आणि तिचे नाव होते 'लोहाफेक्स'. होय, त्यातला 'लोहा' म्हणजे आपलाच लोहा. भारताच्या बाजूने प्रमुख होते गोव्याच्या त्याच संस्थेचे डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी, जे पुढे तिचे संचालक झाले. जर्मन बाजूचे व्हिक्टर स्मेटासेक यांचा जन्मही भारतातलाच. पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारने काही दिवस काम थांबवले, मग परवानगी दिली. दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कित्येक टन फेरस सल्फेट सोडले गेले.

फेरस सल्फेट म्हणजे हिराकस. आपल्या बाजारातल्या कृषी केंद्रात किलोने मिळते तेच.

परिणाम? सूक्ष्म वनस्पती वाढली, पण बेताचीच. ज्यांच्या जाड कवचामुळे कार्बन खाली बुडतो त्या डायॅटम जातींना सिलिका लागते, ती त्या पाण्यात नव्हती. वाढलेले पीक बारीक प्राण्यांनी फस्त केले, त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. तळाशी कार्बन फारसा गेलाच नाही. माझ्या मते हा प्रयोग फसला असे म्हणणे चुकीचे आहे. लोह टाकून हवामान दुरुस्त करण्याचे दुकान मांडायला निघालेल्या कंपन्यांना त्याने वेळीच खरा हिशोब दाखवला.

अरबी समुद्रातही सगळे सरळ नाही. धूळ इतकी पडते म्हटल्यावर इथे लोहाची टंचाई नसावी असे कोणालाही वाटेल. पण नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लिहिले, की नैऋत्य मान्सूनच्या अखेरीस ओमानकडच्या बाजूला खालून खतयुक्त पाणी वर येते, तरी वनस्पती अपेक्षेइतकी वाढत नाही, आणि त्याचे कारण लोहाची कमतरता असावे. वाळवंटाच्या दारात बसूनही लोहाला महाग.

या कोड्याचा आपल्या घराशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण स्वयंपाकघर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले, देशात हे प्रमाण ५७ टक्के. याची कारणे अनेक, पण लोह हे मोठे कारण. ताटात लोह नसते असे नाही. मेथी, मसूर, बाजरी, तीळ यांत ते असते, फक्त बांधलेले असते, धुळीतल्यासारखे. आतड्याला ते सहज घेता येत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व ते सोडवायला मदत करते. चहा नेमके उलट करतो, त्यातली द्रव्ये लोहाला पकडून ठेवतात आणि सोडत नाहीत. दस्तरखान उचलला की लगेच चहाचे कप येण्याची आपली रीत मेहमाननवाजीला शोभते, पण गरोदर सुनेच्या आणि वयात येणाऱ्या मुलीच्या रक्ताला परवडत नाही. तास-दीड तास थांबून चहा घेतला तर रीतही राहते. गोश्त आणि कलेजीतले लोह लवकर अंगी लागते, पण घरात कलेजी आली की ती कोणाच्या ताटात पडते, हे ज्याने त्याने पाहावे. आणि डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील, तर लिंबू-आवळा हा त्यांच्यावरचा पर्याय नव्हे. गोळ्या घ्याव्यातच.

दुसरे ठिकाण शेत. आपला जिल्हा सोयाबीनचा. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, विशेषतः पाऊस लागून राहिला आणि वापसा आला नाही की चुनखडीच्या रानात पीक पिवळे पडते. अशा मातीचा सामू आठच्या वर, समुद्राच्या पाण्यासारखाच. लोह मातीत भरपूर, पण कुलपात. पुष्कळ जण पिवळे रान पाहून युरियाची गोणी उचलतात. त्याआधी वाकून पान पाहावे. नत्र कमी असेल तर खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात. लोह कमी असेल तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. दुसऱ्या प्रकारात युरियाने काहीच होणार नाही, पैसे मात्र जातील. अशा वेळी साचलेले पाणी काढून देणे आणि हिराकसाची ०.५ टक्के फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम, हा जुना उपाय आहे. हिराकस मातीत टाकण्यापेक्षा पानावर फवारलेला बरा, कारण अशा मातीत पडले की त्याचाही गंजच होतो. दुकानात 'चिलेटेड' म्हणून जे महाग पाकीट मिळते, त्यात लोहाला आधीच एका नांगीसारख्या रेणूत धरलेले असते. म्हणजे सायडेरोफोरचीच कारखान्यात केलेली नक्कल. फवारणीआधी रानाचे माती परीक्षण करून रिसोड तालुक्यातल्या करडा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारून घ्यावे, कारण प्रत्येक पिवळेपणा लोहाचा नसतो. पिवळा मोझॅक हा विषाणूही आहेच.

आणि फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मुळासकट अलगद उपटून, मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठ कामाला लागली आहे. तो रंग रक्तातल्यासारख्याच एका लोहयुक्त द्रव्याचा असतो. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर नत्र बांधला जात नाही, आणि पुढच्या हंगामात बियाण्याला सोयाबीनचे रायझोबियम चोळायचे आहे हे तेव्हाच वहीत टिपून ठेवावे. चोळताना सावलीत चोळावे, बुरशीनाशक आधी लावून ते सुकल्यावर जिवाणूखत शेवटी लावावे, आणि लगेच पेरावे. उन्हात ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू पेरणीआधीच मेलेले असतात.